मामाच्या कोयत्याखाली

मामा तुरुंगातून सुटून आला तेव्हा राज्यांची नवी आखणी नुकतीच झाली होती. बऱ्हाणपूरचा कारभार नागपूरहून निघून भोपाळला गेला होता. सिंधीपुऱ्यात आमच्या ओट्यावर रोज एकच वाद चाले. हद्दीवरच्या इच्छापुरापलीकडच्यांचं बरं झालं, ते मुंबई राज्यात; आपण अलीकडंच राहिलो. गावं कुणात सामील व्हावीत यावर सगळ्यांना मत होतं. सुटून आलेला एक माणूस आपल्या गावात पुन्हा कसा सामील व्हावा, हे मात्र कुणी बोलत नव्हतं.

काही वर्षांपूर्वी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडण झालं आणि मामानं शेजाऱ्याच्या दंडावर कोयता मारला. शेजारी वाचला, हात मात्र कायमचा लुळा पडला. मामानं पूर्ण सजा भोगली. त्याआधी तो तापीकाठच्या बागांमधला नावाजलेला केळी कापणारा होता. परत आल्यावर त्याला तेवढंच हवं होतं, त्याचं कापणाऱ्याचं काम.

केळीची कापणी जोडीनं होते. एक जण कोयत्यानं घडाचा दांडा तोडतो, दुसरा खाली खांदा लावून घड झेलतो. घड जमिनीवर आपटला तर काळा पडतो, व्यापारी घेत नाही. कोयता झेलणाऱ्याच्या कानाजवळून जातो. म्हणून झेलणारा आपला कापणारा पारखून घेतो.

बागेच्या मुकादमानं मामाला सरळ सांगितलं, "कोयता घे, माझी ना नाही. पण खाली उभा राहणारा तू आण. मी कोणाले जबरदस्ती नाही करणार."

मामानं एकेकाला विचारलं. त्याचा जुना जोडीदार हसून म्हणाला, "दादा, मले दोन्ही हात लागतात. बायको एका हातावाल्याले भाकर देईन का?" सगळे हसले. मामाही हसला, आणि कोयता घेऊन खोडाशी तसाच उभा राहिला.

मी त्या काळी हाती पडेल ते पत्रक वाचत असे. सजा संपली की माणूस मोकळा, समाजानं त्याला दुसरी सजा देऊ नये, असं त्यात छापलेलं असे. मला ते पटलेलं होतं, आजही पटतं. मी सदरा काढला, सुकलेल्या पानांची घडी खांद्यावर ठेवली आणि घडाखाली जाऊन उभा राहिलो.

"तोड मामा."

कोयता वर गेला आणि तिथंच थांबला.

"भाचेराव, बाजूला व्हा."

"मला भीती नाही. तोड."

"तुमच्या भीतीचं कोण बोलू राहिलं? भाच्याच्या खांद्यावर मी ओझं देऊ? कोणत्या नरकात जाऊ मी?"

आमच्याकडं भाचा पूजेचा. मामा त्याच्या पाया पडतो, त्याला उष्टं ताट उचलू देत नाही, ओझं तर नाहीच नाही. तुरुंगातून एवढं सगळं सोसून आलेला माणूस त्या एका नेमावर अडून बसला. मी हात जोडले, चिडलो, ओरडलो. त्यानं कोयता खाली घेतला.

मुकादम दुरून बघत होता. "पाहा रे," तो म्हणाला, "याचाच याच्या हातावर भरोसा नाही. दुसऱ्यानं कायले ठेवावा?"

मी किंचाळलो, "भाच्याला ओझं देत नाहीत, तुम्हाला माहीत नाही? तुमच्या भाच्याला द्याल तुम्ही?"

त्या बागेत असा एकही माणूस नव्हता ज्याला हे माहीत नव्हतं. सगळ्यांच्या घरी भाचे होते. मुकादमाचा तर जेवायला त्याच्याच घरी असे. तरी कुणी तोंड उघडलं नाही. मामा नेमापायी थांबला हे कबूल केलं असतं तर मामाचा हात चांगला आहे हेही कबूल करावं लागलं असतं.

मामानं कोयता मुठीकडून मुकादमाच्या हाती दिला. परत येताना मला म्हणाला, "तुम्ही खांदा लावला होता, हे बाईले सांगू नका. रडंल ती." बाई म्हणजे माझी आई, त्याची बहीण.

पुढं तो नेपानगरच्या कागद कारखान्यात बांबू उतरवायला गेला. मी एकदा भेटायला गेलो, परत चल म्हणालो. खांद्यावरचा भारा खाली टाकत तो म्हणाला, "इथं आपलं आपण उचलायचं, भाचेराव. जोडी कोण हाय, असं इथं कोणी पुसत नाही." मग त्यानं हात पुसले, माझ्या पाया पडला आणि पुढचा भारा घ्यायला गेला.