खळ्यावरचा तारकापुंज

नाथाजी गुरुजी रागीट म्हणजे किती, तर खडू मोडला तरी फळ्यावर डाफरायचे. कवठे महांकाळकडच्या कोरडवाहू शिवारातला हा माणूस छप्पन साली घरादारासकट बौद्ध झाला, शास्त्र शिकला आणि तासगावच्या एका अध्यापक विद्यालयात शिकवू लागला.

चौसष्ट साली सांगलीहून शिक्षणाधिकारी येणार होते. गुरुजींनी त्यांच्यासाठी विद्यालयामागच्या खळ्यावर तारकापुंज मांडला. प्रत्येक विद्यार्थी एक तारा. जो जवळ, त्याची ओढ जास्त. त्या हिशेबानं कुणी कुठं पाऊल टाकायचं ते गुरुजी लॉगटेबल घेऊन आधी काढायचे आणि ओरडून सांगायचे. शेवटी मधले दोघं हात धरून फुगडीसारखे गरगरणार आणि त्यांच्याजवळ येईल त्या तिसऱ्याला पुंजाबाहेर भिरकावणार. आकाशातले जोडतारे हेच करतात.

गणितानं जोडी आली सोपान आणि लालासाहेबाची. सोपान गुरुजींच्याच समाजाचा, लालासाहेब कराडकडच्या ऊसवाल्या घरातला. तालमीत लालासाहेब सोपानजवळ आला की दर वेळी पाऊल वाकडं टाकायचा. जोडी जमायची नाही; पुंज नुसताच पांगायचा.

"लाल्या, डावीकडं म्हटलं न्हवं मी?"

"पाय घसरला, गुरुजी."

"कोरड्या खळ्यावर?"

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

प्राचार्य नानासोंनी गुरुजींना बाजूला घेतलं. "आवं नाथाजी, कशाला ताणताय? सोपानला बाहेर फेकायचा तारा करा. कुणाचीच अडचण न्हाई."

"माझी हाय!"

"साहेबास्नी काय कळतंय त्यातलं?"

"मला कळतंय न्हवं? जन्मभर तोच तारा झालोय मी. निदान गणितानं आत घेतलेल्याला तुमी बाहेर काढू नका!"

साहेब आले, खुर्चीत टेकले. खेळ सुरू झाला. शेवटच्या पावलाला लालासाहेब पुन्हा सरकला. सोपानचे पुढं केलेले हात तसेच राहिले. नानासोंनी घाईनं टाळ्या वाजवल्या, म्हणून साहेबांनीही वाजवल्या.

"टाळ्या बंद!" गुरुजी कडाडले. "चुकलंय हे. साहेब, हा तारा इथं यायला पायजे होता. तिथं का उभा हाय, विचारा त्याला."

"का रे?" साहेबांनी विचारलं.

लालासाहेब पुन्हा घसरलेल्या पायाचं सांगू लागला, तसे गुरुजी ओरडले,

"पहिल्यापास्नं! जागेवर चला सगळे!"

साहेबांच्या डोळ्यांदेखत आता चुकवता येईना. लालासाहेब आला. तोंड फिरवलं आणि दोन बोटं पुढं केली. फक्त दोन.

सोपाननं ती बोटं बघितली. आपले हात पाठीमागं घेतले.

"गुरुजी, तुमचं गणित बरोबर हाय. पर ह्याचा हात मला नको."

"आरं सोपान—" नानासो उठले. गुरुजींनी हातानंच त्यांना खाली बसवलं. लॉगटेबल काखेत मारलं आणि ते साहेबांपुढं जाऊन उभे राहिले.

"आज जोडी जमत न्हाई, साहेब. तुमी सांगलीची गाडी धरा."