मोहाखालचा पाला

दोन हजार दहाच्या आगेमागे नवेगाव बांधच्या जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात मी वन समितीचं काम करत होतो. काम म्हणजे घरोघरी जाऊन लोकांचं डोकं खाणं. मोहाची फुलं वेचण्याआधी लोक झाडाखालचा वाळला पाला जाळत. जमीन काळी झाली की पिवळं फूल उठून दिसतं. पण आग झाडाखालीच थांबायची नाही. डोंगर जळायचा, घरटी आणि पिल्लंही जळायची. यंदा पाला जाळायचा नाही, असा ठराव मी हट्टाने करून घेतला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या काकूकडे बघत बसले. जंगलाच्या बाबतीत गावात तिचाच शब्द चालायचा. तिने जाळला की सगळे जाळणार.

"पाला जारला नाई तं फूल दिसल कसा?" ती म्हणाली. "अन् जनावर आला तं तो दिसल कसा?"

मी आधीच तापट. "मी येतो ना तुह्यासंग. झाडून देतो," म्हणालो.

वेचणीच्या पहिल्याच पहाटे खराट्याने झाडाभोवती मोठा गोल झाडून काढला. त्याच्या पलीकडे घोटाभर पाला तसाच. झुंजूमुंजू झालं होतं. फुलं टपटप पडत होती आणि आम्ही वाकून वेचत होतो. काकूचा राग गेला नव्हता, त्यामुळे बोलणं बंद.

पाल्यात पाऊल वाजलं. एकच. शेजारच्या झाडाखाली वेचणारी कोणी बाई असेल म्हणून मी हाक दिली. उत्तर आलं नाही. मी पुन्हा वाकलो, तसं पुन्हा वाजलं. मी वाकलो की वाजायचं, ताठ झालो की थांबायचं. हे ध्यानात यायला मला तीनदा वाकावं लागलं.

"उभा राय," काकू हळूच म्हणाली. "वाकू नोको."

आम्ही पाठीला पाठ लावून उभे राहिलो. ते झाडलेल्या गोलाच्या बाहेरून फिरत होतं, कसलीच घाई नसलेल्या माणसासारखं. दिसत काहीच नव्हतं. आवाज झाडामागे जायचा, पुढून यायचा. मधूनच एखादं फूल खांद्यावर पडे आणि मी दचके.

बुंध्यांवर ऊन आलं तेव्हा आवाज बंद झाला. दूर जाताना मात्र ऐकू आला नाही. आम्ही बराच वेळ हललो नाही. शेवटी काकूची टोपली उचलायला गेलो, तर टोपलीपासून हातभर अंतरावर झाडलेल्या मातीत वाघाचं पाऊल उमटलं होतं.

वाटेत मी तिला म्हणालो, सभेत सांगू नको. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मला माझ्या ठरावाचीच काळजी होती. तिने संध्याकाळी सगळं सांगितलं.

"म्हंजे उद्यापासून पाला जारू," एकजण म्हणाला.

"नाई जारायचा," काकू म्हणाली.

"काऊन?"

"पाला होता म्हनून आयकू आला. राखेवर त्याचा पाय वाजत नाई. इतके वर्स मी राखेवर वाकून मोहा वेचला. तो काय आजच आला असल?"

त्या वर्षी गावात पाला जळला नाही, पुढेही नाही. लोकांना जंगलाचं महत्त्व पटलं म्हणून वनखात्याच्या साहेबांनी माझी पाठ थोपटली आणि मी ती थोपटून घेतली.

त्या संध्याकाळी सभेतून घरी येताना काकू मध्येच थांबली होती. माझ्याकडे बघत राहिली.

"तू लहान होतास तं तुले संग नेत होती मी," ती म्हणाली. "मांगं राखेवर लुगडा हातरून निजवत होती. अन् टोपली भरेपर्यंत मांगं वळून पायत नव्हती."