मध्यंतरानंतर

परदेशातल्या एका रेडिओवर मध्यरात्री लागणारा जाझचा कार्यक्रम मी फोनवर सकाळी साडेनऊला ऐकते. तिकडे मध्यरात्र असते तेव्हा नाशकात आमच्या कुकरच्या शिट्ट्या चालू असतात. निवेदक शेजाऱ्यांची झोप मोडू नये अशा बेतानं हळू बोलतो, आणि खाली मखमलाबादची भाजीवाली मेथी-शेपू ओरडून अख्खी सोसायटी डोक्यावर घेते. तो ‘शुभ रात्री’ म्हणतो तेव्हा मी बहुतेक वेळा अण्णांचं डायपर बदलत असते.

अण्णा म्हणजे माझे वडील. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं त्यांची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. आई त्याआधीच गेली होती. भाऊ पुण्यात असतो. दर रविवारी फोनवर म्हणतो, “तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे.” हे वाक्य ऐकलं की वाटतं, कुणीतरी बाहेरून कडी घातली. मी लग्न केलं नाही, घरी बसून आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज करते, म्हणजे मी मोकळीच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलंय. मोकळी! दुधाची पिशवी आणायला खाली उतरले तरी जीव वरखाली होतो.

तर हा जाझ. तोही साधासुधा नाही. ना चाल, ना ठेका, सॅक्सोफोन किंचाळतो आणि ड्रम जिन्यावरून गडगडत आल्यासारखे वाजतात, तसला. पहिल्या दिवशी कामाच्या मावशी धावत आल्या, “ताई, मांडणी पडली का काय?” मला या घरात ओरडता येत नाही. तो माणूस माझ्या वाटचं ओरडतो, म्हणून मी ऐकते.

हे वेड लागलं मुंबईतल्या एका कार्यक्रमात. चोवीस वर्षांची होते. युरोपातून एक सॅक्सोफोनवाला आला होता, मैत्रिणीनं तिकिटं काढली. अण्णांनी परवानगी दिली ती अटीसकट: मुक्काम नाही, शेवटच्या गाडीनं घरी. पहिल्या पाच मिनिटांत पुढच्या रांगेतल्या दोन बायका उठून गेल्या. मी मात्र खुर्चीच्या कडेवर आले. त्या माणसानं पाऊण तास काय केलं देव जाणे. मध्यंतर झालं, मी घड्याळ पाहिलं आणि पर्स उचलली. मैत्रीण म्हणाली, “वेडी आहेस का? आत्ता तर खरं सुरू होणारे!” जिन्यात पोचले तेव्हा बंद दाराआडून दुसरा भाग सुरू झाला. एकच लांबलचक सूर. तो पुढे कुठे जातो ते ऐकायला मी थांबले नाही.

गाडी तासभर लेट. नाशिक रोडला अण्णा स्वेटर घालून स्कूटरपाशी उभे होते. “संपला का तुमचा गोंधळ?” म्हणाले. मी “हो” म्हटलं. पुढे कितीतरी कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकले, पण तो राहिलेला भाग काही डोक्यातून गेला नाही. आणि त्याबद्दलचा अण्णांवरचा रागही गेला नाही, खोटं कशाला बोलू?

परवाच्या मंगळवारी निवेदक म्हणाला, त्याच सॅक्सोफोनवाल्याचं, मुंबईतल्या त्याच कार्यक्रमाचं जुनं रेकॉर्डिंग मिळालंय, गुरुवारी अख्खं लावतो. माझी तव्यावरची भाकरी करपली. हा रेडिओ जुन्या वळणाचा, एकदा वाजलं ते गेलं, मागे नेऊन ऐकायची सोय नाही. लगेच भावाला फोन लावला. “गुरुवारी सकाळी दोन तास अण्णांपाशी बस.”

“रेडिओसाठी पुण्याहून येऊ?” तो हसायलाच लागला. “अगं, कानात घाल आणि कामं करता करता ऐक की.”

डोक्यात तिडीक गेली. फोन ठेवून दिला.

गुरुवारी अण्णांचं सगळं नऊच्या आत उरकलं, चहा-बिस्किटं भरवली, स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. पहिला भाग झाला. टाळ्या झाल्या. मग तो सूर सुरू झाला, आणि ओट्यावरची बेल वाजली. तिचं बटण अण्णांच्या डाव्या हाताशी असतं, काही हवं असलं की ते दाबतात.

मी उठले नाही. बेल पुन्हा वाजली, मी आवाज वाढवला. तिसऱ्यांदा वाजली आणि मग वाजायची थांबली. मी शेवटपर्यंत ऐकलं. तो सूर कुठे गेला ते मला कळलं. इतकं सुंदर होतं ते की मी ओट्याला टेकून हमसून हमसून रडले.

मग खोलीत गेले. पलंग भिजला होता, चादरीपर्यंत सगळं घाण झालं होतं, आणि अण्णा एका हातानं त्यावर पांघरूण ओढून ते झाकायची धडपड करत होते. मला पाहून थांबले. डावा हात उचलून छातीपाशी नेला. दुसरा उचलला जाईना, तरी तो नमस्कारच होता. आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही या माणसानं, आणि आता माझी मागत होता.

“अण्णा, असं नका हो करू,” म्हणत मी तो हात खाली घेतला आणि चादर काढायला लागले. ते रागावले असते, त्यांनी डोळे वटारले असते, तर मीही तोंड सोडलं असतं. इतक्या वर्षांचं सगळं साठवून ठेवलं होतं. आता कुणावर ओरडू?