‘दुष्काळ’चं कार्ड
डांबरगोळ्यांचा वास आला की उस्मानाबादच्या कॉलेजातलं ग्रंथालय आठवतं. दुष्काळी कामांवर प्रबंध लिहायचा होता, म्हणून पुस्तकांच्या नोंदींच्या कार्डांच्या खणांत मी दिवसभर ‘दुष्काळ’ शोधला; एकही कार्ड निघालं नाही. म्हातारे ग्रंथपाल म्हणाले, “सरकारी कागदात दुष्काळ न्हाय लिहीत. ‘टंचाई’ बघ.” त्या शब्दाखाली तामलवाडीकडच्या एका पाझर तलावाचा अहवाल मिळाला. त्याच तलावावर, दुष्काळी कामात माती खणताना दरड कोसळून माझी आई गेली होती. ‘मृत्यू’, ‘अपघात’ शोधत मी सगळी पानं उलटली. शेवटी ग्रंथपालांना आईचं सांगितलं, तेव्हा त्यांनीच एका ओळीवर बोट ठेवलं: ‘काम दोन दिवस बंद.’ “हेच असंल, लेकरा,” ते हळूच म्हणाले. आज विद्यार्थ्यांना मी सांगतो, लिहिणाऱ्यानं कोणता शब्द वापरला असेल तो आधी ओळखा. हे कुठं शिकलो, ते मात्र सांगवत नाही.