कपाटात नसलेला पोहेहार

ती घटना मला आजही आठवते ती एका निवृत्त शिक्षिकेच्या रिकाम्या हातांमुळे.

रायपुरात पंडरीजवळ त्या बाई मुलासोबत राहत. घरी महालक्ष्म्या बसत. विसर्जनानंतर देवीच्या गळ्यातला सोन्याचा पोहेहार सापडेना, म्हणून मुलानं माझ्या ठाण्यात तक्रार दिली. संशय घरच्या तरुण कामवालीवर. त्यात खबऱ्यानं सांगितलं की ती सदर बाजारात एका सराफाकडे दिसली. चौकशी केली, तर ती स्वतःचं तुटलेलं पैंजण जोडायला गेली होती. पण तोवर गल्लीत बोभाटा झाला आणि बाकीच्या घरांनीही तिला काम बंद म्हणून सांगितलं. तिच्या पोटावरच पाय आला.

महिला शिपायासमोर मी तिचा जबाब घेऊ लागलो. सकाळपासून घरच्यांनी आणि माझ्या हवालदारानं तिला एकच विचारलं होतं, कपाटातला हार काढून कुठे ठेवलास? आधी ती ठाम नाही म्हणाली होती. दुपारी मात्र हळूच बोलली, "साहेब, अब मोला घलो लागथे, मैंच कहूं धर दे हंव का." हार आपणच कुठे ठेवला असेल, असं आता तिलाही वाटू लागलं होतं. कबुली आली म्हणून हवालदार खूश. मी त्याला झापलं. माल कुठे ठेवला ते चोराला ठाऊक असतं. ही बिचारी आम्हालाच विचारत होती.

मी तडक त्या घरी गेलो. बाईंचंही तेच, हार कपाटातच ठेवला, दरवर्षी तिथंच ठेवतो. जो तो कपाटाबद्दलच विचारत होता, मग त्यांच्या मनात दुसरी जागा येणार कुठून? मी म्हणालो, "बाई, हार सोडा. महालक्ष्म्या कशा उतरवल्या, तेवढं करून दाखवा."

मुलगा वैतागला. बाई मात्र रिकाम्या चौरंगापुढे उभ्या राहिल्या. नथ काढली, गजरा काढला, सगळं हवेतच. हात गळ्यापाशी गेले आणि थांबले.

"इथं बेल वाजली होती," त्या म्हणाल्या. "गॅसवाला आला होता. माह्या एका हातात हार होता, अन् दुसऱ्यात मुखवटा."

त्यांनी मुखवट्यांची पेटी ओढली. कापडात बांधलेले मुखवटे पुढच्या भाद्रपदापर्यंत सोडायचे नाहीत, ही घरची रीत. त्यामुळे तिथं कुणी पाहिलंच नव्हतं. धाकटीच्या मुखवट्याच्या पोकळीत हार निघाला. पंचनामा झाला आणि बाई माझ्यासोबतच ठाण्यात यायला निघाल्या.

माणसाला नेमकी खूण दिली तर विसरलेलं परत येतं. चुकीची खूण दहादा दिली तर खरं तेही पुसलं जातं. त्या दिवसापासून माझ्या ठाण्यात प्रश्नातच उत्तर घालून विचारायला बंदी होती, आणि ती मी निवृत्त होईपर्यंत पाळवून घेतली.

ठाण्यात बाई त्या मुलीचे हात धरून रडल्या. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. हार आपण घेतला नव्हता, याची अजूनही खात्री नसल्यासारखं मला विचारलं, "साहेब, मतलब, मैं नइ ले रहेंव न?"