कोरड्या वाटीतले मोड

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आणि त्याला तर मी आमटीत दोनदा मीठ पडलं तरी सांगते. मग हेच का राहिलं? तुम्ही हसाल. हसा—मलाही मधूनच हसू येतं. गोष्ट वाटीभर मटकीची आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी पंचवीसेक वर्षांपूर्वी नाशिकला गंगापूर रोडच्या एका कॉलेजात मी शिक्षकांच्या शिबिराला दहा दिवस होते—स्वयंपाकाला. कुठूनसं अनुदान आलं होतं. कॉलेजातले प्राध्यापक आणि खेड्यांतले शिक्षक यांनी एकत्र बसून गणित-विज्ञान हातानं करून शिकायचं, असं त्यात होतं. चहा द्यायला गेले की मी दाराशी रेंगाळायचे. मोठमोठे गुरुजी कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकत बसलेले—इतकी मजा मला शाळेतही आली नव्हती.

सिन्नरकडच्या एका शाळेतल्या सुमनबाई रोज जीपनं यायच्या. माझ्यासारख्याच, बोलताना खाली बघणाऱ्या. मोड यायला पाणी लागतंच का, हे बघायला त्यांनीही इतरांसारख्या दोन वाट्या मांडल्या होत्या. एकीत ओल्या फडक्यात मटकी, दुसरीत कोरड्या. ऊब मिळावी म्हणून सगळ्या वाट्या स्वयंपाकघराच्या खिडकीत. वर चिठ्ठ्या—नाव, आणि ‘ओली’ किंवा ‘कोरडी’.

चौथी शिकलेय म्हटलं ना? म्हणजे मला वाचता येतं.

शेवटच्या दिवशी दुपारी सगळ्यांची जेवणं झाली, आणि सुमनबाईंच्या वाटीतले ते लांब, पांढरे मोड मला दिसत राहिले. भूक होती असंही नाही, मी जेवले होते. चिमूटभर चव बघावी म्हटलं. मग कांदा चिरला. मग लिंबू पिळलं—तेही दुसऱ्या कुणाच्या तरी प्रयोगातलं. वाटी रिकामी झाली. ती उचलताना शेजारची कोरडी कलंडली आणि दाणे मोरीत गेले.

तेवढ्यात कळलं, अनुदान देणारे पाहुणे प्रयोग बघायला येताहेत. पुढच्या वर्षीचं त्यांच्यावरच होतं. मी कोपऱ्यावरच्या भाजीवालीकडे धावले, मोडाची मटकी आणली आणि भरल्या वाट्या. घाईत दोन्ही भरल्या. चिठ्ठी वाचलीच नाही.

पाहुण्यांसमोर सुमनबाईंनी फडकं उचललं. कोरड्या मटकीला हे एवढाले मोड. एक गुरुजी म्हणाले, “बाई, कोरड्या वाटीत रडल्या का काय तुम्ही?” सगळे हसले. शिबिराचे मोठे सर नाही हसले. पाणी घातलं असेल तर कबूल करा, म्हणाले. मग माझ्याकडे वळले—मावशी, तुम्ही हात लावला होता?

मी मान हलवली. नाही. तोंडातून शब्द काढला नव्हता, म्हणून ते खोटं नव्हे, असं मी कितीतरी वर्षं स्वतःला समजावलं.

सर म्हणाले, ही वाटी प्रयोगाच्या वहीत लिहू नका. सुमनबाईंचे कान लाल झाले होते. पण पहिल्यांदाच वर बघून म्हणाल्या, “पाणी नाही घातलं सर. जे दिसलं ते लिहिते.” आणि लिहिलं: कोरडी वाटी, मोड आले. कारण—आणि पुढे जागा मोकळी.

अनुदान पुढच्या वर्षीही आलं. मलाही बोलावलं. सुमनबाईंना नाही. ज्यांनी खरं लिहिलं त्यांनाच नाही.

त्या मला बऱ्याच वर्षांनी सिन्नरच्या स्टँडवर भेटल्या. केस पिकलेले, पण आता चांगल्या मोकळेपणानं बोलत होत्या. “अहो मावशी, तुमचा चहा अजून आठवतो!” मग सांगू लागल्या, दरवर्षी पोरांबरोबर त्या एक कोरडी वाटी मांडतात. पोरं रोज डोकावतात. मोड काही येत नाहीत. “पण एकदा आले होते ना? मी डोळ्यांनी पाहिलेत. म्हणजे कारण असणारच. पोरांना म्हणते, शोधा.” ती जुनी वही त्यांनी जपून ठेवलीय.

किती आनंदात सांगत होत्या! माझ्या ओठांवर आलं होतं—खरंच आलं होतं. तेवढ्यात नाशिकची गाडी लागली. दुसरी अर्ध्या तासानं होती. मी हीच पकडली आणि खिडकीतून हात हलवला.

त्यांच्या वहीतल्या त्या मोकळ्या जागी माझं नाव यायला हवं. ते मी लिहिलं. पण इथे, माझ्या वहीत.