आत्याबाईंची माळकरी गाय

पिंपरीला पहिला मोठा कारखाना उभा राहत होता, त्या सुमारास मी लग्न होऊन चाकणजवळच्या एका कोरडवाहू गावात आले. माझं माहेर नदीकाठचं, बागायती. तिथं गुरांपुढं बारा महिने हिरवी वैरण असायची. सासरी मात्र पाऊसकाळ सरला की हिरवं म्हणून दिसायचं ते दारातली तुळस आणि माझ्या हातातल्या बांगड्या. हे मी एकदा बोलूनही दाखवलं. मामंजी हसले, आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, हसल्या नाहीत. कुठं गप्प बसावं हे मला तेव्हा कळत नसे. आता म्हातारी झाले, तरी फारसं कळतं असं नाही.

आत्याबाई माळकरी. दर एकादशीला देहूला जायच्या. चाकणच्या बाजारात कांद्याचे ढीग लागायचे, पण आमच्या चुलीपाशी कांद्या-लसणाचं सालसुद्धा सापडलं नसतं. त्यांचा खरा जीव होता तांबड्या गाईवर. आम्हा माणसांशी दोन शब्द आणि गाईशी तासभर गप्पा, असा त्यांचा हिशेब. तिचं पहिलं दूध देवापुढं जायचं, मग आमच्या वाट्याला.

दिवाळीला माहेरी गेले, तेव्हा वडिलांना वैरणीची रड सांगितली. त्यांनी पदरात बी बांधून दिलं. मोरीच्या पाण्यावर परसात वाफा करायचा, एकदा पेरलं की कापत राहायचं, कापलेलं पुन्हा फुटतं. परत आल्यावर मामंजींनी विचारलं, "कसलं बी आणलंस, पोरी?" मी मोठ्या दिमाखात सांगितलं, "लसूणघास!"

आत्याबाई चुलीपासून ताडकन उठल्या. "लसून? माज्या परसात?"

"अहो आत्याबाई, नुसतं नाव आहे. त्याला लसणाचा वासही नसतो."

"मंग नाव कशापायी ठिवलं?"

मी पदराची गाठ सोडून बी त्यांच्यापुढं धरलं. मामंजींनी वेळ मारून नेली. "पेरू दे तिला. उगवंल तवा बघू."

घास उगवला, आणि असा तरारला की बघत राहावं. पहिली कापणी घेऊन मी गोठ्यात गेले, तर आत्याबाई गव्हाणीला आडव्या. "माजी गाय माळकरी हाय. लसून खाल्लेलं दूध म्या देवाला दावायची न्हाई." माझा तिळपापड झाला. ते भारे शेजारणीच्या शेळ्यांनी खाल्ले. शेळ्या गुबगुबीत झाल्या आणि शेजारीण मला भरभरून आशीर्वाद देऊ लागली.

त्या साली ज्वारी गुडघ्याएवढी होऊनच वाळली होती. माघातच कडबा संपला. गावात कुणाकडं विकत मागावा, तर ज्याच्या त्याच्या गोठ्यात तीच तऱ्हा. तांबडीच्या बरगड्या दिसायला लागल्या, दूध आटत चाललं. शेवटी मामंजी म्हणाले, "येत्या बाजाराला चाकणला न्यायची. डोळ्यादेखत उपाशी मारू का?" अशी हाडं निघालेली गाय बाजारात कोण घेतो, हे घरात सगळ्यांनाच ठाऊक होतं. आत्याबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. मला त्यांचा राग येत होता आणि कीवही येत होती. एका नावापायी गाय चालली होती.

बाजाराच्या सकाळी त्यांनी गाईला हळदकुंकू लावलं, भाकरी चारली. मामंजींनी दावं सोडलं. गोठ्यातून रस्त्याला लागायची वाट परसावरून होती. वाफ्यापाशी तांबडी थबकली. काट्याच्या कुंपणावरून मान घालून तिनं भला मोठा लचका तोडला. मामंजी दावं ओढायला लागले, तर आत्याबाईंनी त्यांचा हात धरला.

"खाऊ द्या."

तांबडी खात होती आणि आत्याबाईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मग त्यांनी गाईच्या तोंडाजवळ नाक नेऊन चक्क वास घेतला, मग पुन्हा एकदा घेतला. नंतर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "माळ म्या घातलीया. तिनं कुटं घातलीया?"

उपाशी जनावराला हिरवा घास एकदम दिला की पोट फुगतं, म्हणून मी तांबडीला मागं ओढलं, तर आत्याबाई माझ्यावरच खेकसल्या, "खाऊ दे की गं तिला, नजर नको लावूस!" मामंजींनी बाजाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

पुढं वाफ्याचा एक कोपरा न कापता बियाण्यासाठी ठेवला. त्याला जांभळी फुलं आली, शेंगा वाळल्या, बी झालं. घासावर तांबडीचं दूध पुन्हा वाढलं, त्याची बातमी गावभर झालीच होती, बायका बी मागायला यायच्या. पण नाव घ्यायची वेळ आली की आत्याबाईंची पंचाईत. लसणाचं नाव त्यांच्या जिभेवर येईना. त्या 'ल' गिळून टाकायच्या आणि म्हणायच्या, "न्हे गं, सूनघास हाय." आधी मला वाटलं, दात पडल्यामुळं असेल. तोवर मला या घरात येऊन वर्ष उलटलं होतं, पण चारचौघांत माझा उल्लेख त्या 'ती' असाच करायच्या.

एके दिवशी शेजारणीनं ओंजळ पुढं करत विचारलंच, "सूनघास? ह्यो कुटला नवा घास काढलासा?"

आत्याबाई तिच्या ओंजळीत बी ओतत म्हणाल्या, "माज्या सुनंनं आनलेला."